नामंजूर कोळंब्यांचे उपकार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या छंदाविषयी बोलावे असे ठरले होते. त्यात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला वीस मिनिटे दिली आहेत. ३७ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला मुदत म्हणजे काय ते कळते, तेव्हा सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघू नये. माझा विषय आहे शोभेची कोळंबी. पत्रकावर हा शब्द वाचून आपल्यापैकी काहीजण मोठ्या आशेने आले आहेत, हे मला मागच्या रांगेतले चेहरे बघून दिसते आहे. त्यांची निराशा आधीच करतो. ही खायची कोळंबी नव्हे. हिची पूर्ण वाढलेली मादी जेमतेम सव्वा इंचाची. वाटीभर कालवणाला शंभर-दोनशे लागतील, आणि एवढ्या कोळंब्यांच्या किमतीत चार घरांचे पापलेट येईल.

गेली नऊ वर्षे मी या लाल कोळंब्या पाळतो आहे. नुसत्या पाळत नाही, तर निवडून निवडून त्यांचा एक वाण जपतो. म्हणजे चांगल्या ठेवायच्या, फिकट बाजूला काढायच्या, चांगल्यांची पिल्ले वाढवायची, त्यातून पुन्हा चांगल्या निवडायच्या. ऐकायला सोपे वाटते. मलाही वाटले होते. आज मी जे सांगणार आहे ते निवडण्याबद्दल कमी आणि बाजूला काढलेल्यांबद्दल जास्त आहे. कारण माझा वाण आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे.

सुरुवात अशी झाली. २०१६ साली नातवाने वाढदिवसाला मासे मागितले. मला लहानपणापासून काचेच्या टाकीचे आकर्षण होतेच. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि मीही त्याच सालचा. वडील एकदा घेऊन गेले होते, तेव्हा काचेला नाक लावून उभा राहिलो तो हलेना, असे आई सांगायची. तर नातवाला घेऊन दुकानात गेलो. तिथे त्याने मासे सोडून एका कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यांकडे बोट दाखवले. दुकानदार म्हणाला, 'काका, हे चेरी श्रिंप. काही करावं लागत नाही.' दहा घेतल्या. त्याच दिवशी टाकी, त्याच दिवशी पाणी, त्याच दिवशी कोळंब्या. आठवड्यात सात मेल्या.

'काही करावं लागत नाही' हे वाक्य पुढे मला फार महाग पडले. करावे काही लागत नाही हे खरे, पण आधी थांबावे लागते. कोळंबीच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. पाण्यातले एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजमध्ये, वाळूवर, झाडांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नवी टाकी महिना-दीड महिना चालू ठेवायची आणि आत कोळंबी सोडायची नाही. रिकाम्या टाकीकडे बघत बसायचे. आमच्या सौ. म्हणायच्या, 'पाण्याला पाणी दाखवताय का?' पण याच काळात टाकीत एक बुळबुळीत थर चढतो, तोच कोळंबीच्या पिल्लांचे पहिले अन्न. नव्या चकचकीत टाकीत पिल्ले उपाशी मरतात, जुन्या शेवाळलेल्या टाकीत वाढतात. भगिनींनी हे घरच्या स्वच्छतेला लावू नये.

आता हा प्राणी कोण ते थोडक्यात. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ पूर्व चीन आणि तैवानकडच्या ओढ्यांतला. मूळ रंग लाल नाहीच. मातकट, हिरवट-तपकिरी, अर्धपारदर्शक. ओढ्याच्या तळाशी पाचोळ्यात बसली तर दिसूसुद्धा नये असा. त्यातल्या एखाददुसऱ्या कोळंबीत लाल रंग जरा जास्त होता, पाळणाऱ्यांनी ती बाजूला घेतली, तिची पिल्ले वाढवली, त्यातली लाल पुन्हा बाजूला घेतली. त्यातून चेरी, मग साकुरा, मग फायर रेड, मग पेंटेड फायर रेड अशा चढत्या प्रती झाल्या. चेरीचे अंग फिकट आणि वर लाल शिंतोडे. पेंटेड म्हणजे जणू ऑइलपेंटच्या डब्यात बुडवून काढलेली, पायसुद्धा लाल, आतले काही दिसत नाही. याच जातीतून निळ्या, पिवळ्या, नारिंगीही काढल्या आहेत. हे कुणी प्रयोगशाळेत केले नाही. माझ्यासारख्या घरोघरच्या लोकांनी चहाच्या गाळणीने केले.

दुसरीही एक नाजूक जात आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, तिला बी श्रिंप म्हणतात. १९९०च्या दशकात जपानमधल्या हिसायासु सुझुकी नावाच्या गृहस्थांना आपल्या काळ्या-पांढऱ्या कोळंब्यांत एक लाल-पांढरी दिसली. त्यांनी ती जपली आणि तिच्यापासून 'क्रिस्टल रेड' हा जगप्रसिद्ध वाण उभा केला. हा लाल रंग मागे राहणारा आहे. म्हणजे लाल आणि अस्सल काळी यांची पिल्ले सगळी काळीच दिसतात. पण त्यांच्या पोटात लाल दडलेला असतो. अशा दोन दडलेल्यांची जोडी जमली की चारात एक या हिशेबाने लाल पिल्लू निघते. शाळेत मेंडेलचे वाटाणे आपण घोकले होते ते हेच. विचार करा, पहिल्या पिढीत सगळी काळी बघून त्या गृहस्थांनी कंटाळून टाकी मोडली असती तर? खात्यात शिल्लक दिसत नाही म्हणजे ती नसतेच असे नाही, एवढे बँकवाल्याला यावरून पटले.

बालदोस्तांनो, तुम्हाला आवडेल ते आता सांगतो. मादीच्या पाठीवर, डोक्याच्या मागे, एक पिवळसर डाग दिसायला लागला की समजायचे अंडी तयार होत आहेत. त्याला खोगीर म्हणतात, कारण घोड्याच्या खोगिरासारखा दिसतो. मग एके रात्री ती कात टाकते. रिकामे कवच तळाशी पडलेले असते, हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखे. नवखा माणूस रडायला लागतो. कात टाकल्यावर मादीच्या अंगातून पाण्यात एक गंध सुटतो आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहायला लागतात, गल्लीत लग्नाची वरात आल्यासारखे. दुसऱ्या दिवशी वीस-तीस अंडी मादीच्या पोटाखाली, पोहण्याच्या पायांना चिकटलेली. ती पाय हलवून हलवून अंड्यांना वारा घालत राहते. तीन-चार आठवड्यांनी अंड्यांतून थेट छोट्या कोळंब्याच बाहेर पडतात, दोन मिलिमीटरच्या, मिशांसकट. टाकी साफ करणारी म्हणून प्रसिद्ध असलेली अमानो कोळंबी, जी ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने लोकप्रिय केली, तिच्या पिल्लांना मात्र आधी खारट पाणी लागते, म्हणून ती घरी वाढत नाही. आमची चेरी मध्यमवर्गीय. जे पाणी आहे त्यात संसार करते.

फक्त पाणी बदलत राहिलेले तिला चालत नाही. कात टाकायला आणि नवे कवच घट्ट व्हायला पाण्यात कॅल्शियम लागते. ते कमी पडले किंवा पाणी एकदम बदलले की कात मधेच अडकते, मानेभोवती पांढरी रेघ दिसते आणि बहुधा कोळंबी जाते. म्हणून मी पाणी आठवड्याला दहा टक्केच बदलतो, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले, क्लोरीन काढलेले, आणि क्षारांचा मीटर बुडवून बघितलेले. आपल्या सोसायटीत महापालिकेचे पाणी माझ्या मीटरवर शंभरच्या आसपास दाखवते आणि मे महिन्यात टँकर आला की पाचशेच्या वर. टँकर आला हे मला वॉचमनच्या आधी कळते. उन्हाळ्यात पाणी तीस अंशांच्या वर गेले की प्राणवायू कमी पडतो. त्यावर उपाय टाकीवर लावलेला छोटा पंखा. माठातले पाणी जसे गार होते, तसेच हे. पंख्याने उडालेले पाणी मात्र आरओच्या पाण्यानेच भरायचे, कारण वाफ होऊन पाणी जाते, क्षार जात नाहीत. खाणे म्हणाल तर उकडलेला पालक, शेवग्याचा पाला, आणि गेटजवळच्या आपल्या देशी बदामाची गळलेली वाळकी पाने. सकाळी सहा वाजता मी झाडाखाली वाकून काय शोधतो, असा प्रश्न काहींना पडला होता. त्याचे हे उत्तर.

आता निवडीकडे येतो. २०१७ पासून मी रीतसर वही घातली. बँकेची सवय. तारीख, टाकी क्रमांक, अंडीवाल्या माद्या किती, पिल्ले किती, ठेवल्या किती, काढल्या किती. ही कोळंबी तीन महिन्यांत वयात येते आणि साधारण दीड वर्ष जगते. म्हणजे वर्षाला तीन पिढ्या बघायला मिळतात. आपल्या पणतवंडांची तोंडे बघायला माणसाला नशीब लागते, इथे वर्षभर लागते.

पहिल्या वर्षी मी दोन मोठ्या चुका केल्या. पहिली, लाल रंगाच्या मोहात जेवढ्या फिकट दिसल्या तेवढ्या सगळ्या काढल्या. टाकी काय सुंदर दिसायला लागली! पाहुण्यांना बोलावून दाखवली. पण तीन महिने झाले तरी अंडी नाहीत. मग लक्षात आले की या जातीत नर मुळातच लहान आणि फिकट असतात. मी एकजात सगळे नर बाहेर काढून माद्यांचे वसतिगृह चालवत होतो. तेव्हापासून नराची तुलना नराशी आणि मादीची मादीशी. दोघांना एक मोजपट्टी लावायची नाही.

दुसरी चूक नातवाची, पण जबाबदारी माझी. त्याला दुकानात निळ्या आवडल्या. पाच निळ्या त्याने गुपचूप लाल टाकीत सोडल्या. त्याला वाटले जांभळी पिल्ले होतील. झाली तपकिरी. चिखलाच्या रंगाची, ओढ्यातल्या पणजीसारखी. हिशेब साधारण असा, की लाल वाणात मूळ रंगाची एक कळ बिघडलेली, निळ्यात दुसरीच. पिल्लाला आईकडून एक धड प्रत मिळते, बापाकडून दुसरी, आणि दोन्ही कळा पुन्हा चालू होतात. मूळ रंग परत येतो. नातू हिरमुसला. मी म्हटले, अरे, शेकडो पिढ्या लोकांनी निवड केली आणि एका पिढीत ती परत घरी गेली. गंमत नाही का? त्याला गंमत वाटली नाही.

यावरून आणखी एक गोष्ट कळली. रंग हा सगळा रक्तातला नसतो. तीच कोळंबी पांढऱ्या वाळूवर फिकी पडते आणि काळ्या खड्यांवर गडद होते. खाणे, वय, मनाची धास्ती, सगळ्याने रंग बदलतो. म्हणून मुलाखत घेताना सगळ्यांना एकाच काळ्या खड्यांच्या टाकीत आठवडाभर ठेवायचे आणि मग निवडायचे. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात पाळीव कबुतरांबद्दल लिहिले आहे. त्यासाठी तो स्वतः कबुतरे पाळत होता आणि लंडनच्या दोन कबुतरवाल्यांच्या क्लबांचा सभासद झाला होता. इतका मोठा माणूस, पण आधी त्या लोकांकडून बघायला शिकला. आपल्या डक्टमधल्या कबुतरांबद्दल मात्र माझ्याकडून कुणी सहानुभूतीची अपेक्षा करू नये.

२०१७ ते २०२१ या चार वर्षांत मी बारा पिढ्या केल्या. खिडकीजवळ तीन टाक्या, सगळ्या मिळून एकशे ऐंशी कोळंब्या. शेवटी शेवटी अशा माद्या निघाल्या की पायाच्या टोकापर्यंत लाल. दुकानदाराने स्वतः येऊन बघितल्या. माझी छाती फुगली होती.

आता त्या काढलेल्यांचे काय करत होतो? हा या छंदातला अवघड भाग आहे. शंभर पिल्लांतून मी पंधरा-वीस ठेवायचो. बाकीच्या ऐंशींचा गुन्हा काय, तर फिकट. काही लोक त्या माशांना खायला घालतात. मला जमले नाही. नदीत किंवा तळ्यात सोडायच्या नाहीत हे पक्के. कारण जर्मनीत एका वीजकेंद्राच्या गरम पाण्याने कोमट झालेल्या गिलबाख नावाच्या ओढ्यात याच पाळीव कोळंब्या सुटल्या आणि तिथेच वस्ती करून राहिल्या. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही कॅरिडिना कुळातल्या स्वतःच्या छोट्या कोळंब्या आहेत. त्यांच्या घरात आपण भाडेकरू घुसवायचे नाहीत. म्हणून मी एक चौथी टाकी केली. तिच्यावर नातवाने चिठ्ठी लावली, 'नामंजूर'. शब्द त्याने माझ्याच तोंडून उचलला होता.

मंडळी, हा शब्द मी नोकरीत शेकडो वेळा लिहिला आहे. कर्जाचा अर्ज, तारण अपुरे, नामंजूर, सही, तारीख. त्यातले बहुतेक निर्णय नियमाने बरोबर होते. पण समोरचा माणूस फाइल काखेत मारून दाराबाहेर गेला की पुढे त्याचे काय झाले ते कधी कळले नाही. कळून घ्यायची पद्धतच नव्हती. इथे मात्र नामंजूर रोज सकाळी माझ्यासमोर पालक खात होते, अंडी धरत होते, पोरे वाढवत होते. त्यांना माझ्या शेऱ्याचे काही पडले नव्हते.

२०२० साली टाळेबंदी आली. मुले घरात कोंडलेली. बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाने फोन केला, 'आजोबा, तुमच्याकडच्या नको असलेल्या मला द्याल?' एकमेकांच्या घरी जायची बंदी. मी बरणीत सहा कोळंब्या, थोडे मॉस आणि सूचनांचा कागद घातला, त्यांच्या विंगच्या लिफ्टमध्ये बरणी ठेवली, चारचे बटण दाबले आणि बाहेर आलो. अशा सात बरण्या त्या महिन्यांत वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या. सगळ्या नामंजूर. लाल टाकीतली एकही मी कुणाला दिली नाही. मागितली तरी दिली नाही. हे आज कबूल करतो.

२०२१च्या दिवाळीआधी सोसायटीने पेस्ट कंट्रोल करायचे ठरवले. खजिनदार मीच. दरपत्रके मी मागवली, चेकवर सही माझी, नोटीसही माझ्या अक्षरात. 'फवारणीच्या वेळी सभासदांनी डक्टकडील खिडक्या बंद ठेवाव्यात.' त्या शनिवारी मी खाली उभा राहून माणसे नीट काम करतात की नाही ते बघत होतो. घरी माझी खिडकी उघडी. टाक्यांचा हवेचा पंप त्याच खिडकीच्या कट्ट्यावर. पंप बाहेरची हवा ओढत होता आणि तीन लाल टाक्या आणि चौथी नामंजूर, चारींमध्ये बुडबुडे सोडत होता.

झुरळ आणि कोळंबी एकाच मोठ्या कुळातले, सांधेदार पायांचे आणि बाहेरून कवचाचे. जे औषध झुरळाच्या मज्जातंतूंवर चालते तेच कोळंबीवर चालते, आणि पाण्यात त्याचा अगदी थोडा अंशही पुरतो. आपल्या घरातली डासांची लिक्विडे याच जातीची. दुपारी वर गेलो तेव्हा कोळंब्या उलट्या होऊन गोल गोल फिरत होत्या. पाणी बदलले, कोळसा टाकला. संध्याकाळपर्यंत सगळे संपले. चार वर्षे आणि बारा पिढ्या. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी गाळणी आणून दिली आणि आम्ही दोघांनी मिळून काढल्या. मोजल्या, कारण वहीत लिहायच्या होत्या. एवढ्या वयाच्या माणसाने कोळंब्यांसाठी रडावे का, असे कुणी विचारू नये.

पंधरा दिवस मी टाक्यांकडे बघितले नाही. विकून टाकायच्या ठरवल्या. मग एका रविवारी दारावर तो चौथ्या मजल्यावरचा मुलगा, हातात बरणी. 'आजोबा, तुमच्या गेल्या ना? आमच्याकडे खूप झाल्यात.' मी त्याच्याबरोबर गेलो. बाल्कनीत एक टाकी, काचा शेवाळाने हिरव्यागार, साफ कधी केलेली नाही, आणि आत चाळीस-पन्नास कोळंब्या मजेत. मी त्याच्या आईला विचारले, पेस्ट कंट्रोलच्या दिवशी तुमच्या कशा वाचल्या? त्या म्हणाल्या, 'काका, नोटीस होती ना, खिडक्या बंद ठेवा म्हणून. आम्ही बंद ठेवल्या.' त्यांनी नोटीस वाचली होती. मी फक्त लिहिली होती.

त्या हिरव्या टाकीत सगळ्या फिकट होत्या, पण सारख्या फिकट नव्हत्या. काहींच्या पाठीवर लाल पट्टा, एका मादीचे पाय थोडे लाल. मी काढून टाकलेल्यांमध्ये तोच वाण होता, माझ्या मोजपट्टीला न दिसणारा. बारा निवडून आणल्या. चार नर, आठ माद्या. या वेळी दोन-तीन नियम केले. एक, फक्त रंग बघायचा नाही. जी नीट कात टाकते, भरपूर अंडी धरते, खायला पुढे येते, ती थोडी फिकट असली तरी ठेवायची. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या बुटक्या गारोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. त्यांनीही गुण तेवढा घेतला, दख्खनीचा काटकपणा आणि आकार जाऊ दिला नाही. दोन, थोड्याशा कोळंब्यांतच पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लागल्या की वाण आतून पोखरतो. पिल्ले कमी होतात, मरतूक वाढते. म्हणून अधूनमधून दुसऱ्या घरच्या लाल कोळंब्या मिसळायच्या. आणि तीन, सगळा वाण एका खिडकीशी ठेवायचा नाही. बँकेत दिवसाचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा म्हणून मी लोकांना मेमो दिले होते. घरी मात्र सगळे एका पंपावर.

आज चार वर्षे झाली. पुन्हा लाल टाकी उभी आहे. खरे सांगायचे तर त्या जुन्या माद्यांसारखा गडद रंग अजून आलेला नाही. वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून बघितले, अजून दोन-तीन प्रती खाली आहे. पण या उन्हाळ्यात पाणी एकतीसवर गेले तेव्हा एकही मेली नाही. टाकीवरची 'नामंजूर' ही चिठ्ठी मी काढून टाकली. नवी लावली नाही, कारण काय लिहावे ते सुचत नाही.

शेवटी एक विनंती. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. नातू शिकायला बाहेरगावी गेला. वाण पुढे चालायला घरे लागतात. आपल्या सोसायटीत आजच्या तारखेला पाच घरांत या कोळंब्या आहेत, दहा झाल्या तर बरे. ज्यांना हव्यात त्यांनी आधी टाकी लावावी, महिनाभर रिकामी ठेवावी आणि मग माझ्याकडे यावे. त्याआधी आलात तर चहा मिळेल, कोळंबी मिळणार नाही. आणि या वेळी मी लाल टाकीतल्या देईन, चांगल्यातल्या. सोबत वहीची एक झेरॉक्सही देईन. त्यात रिकामी पाने आहेत, ती तुम्ही भरायची.

आणि हो, पुढच्या महिन्यात पेस्ट कंट्रोल आहे. नोटीस खाली लागली आहे. या वेळी मी ती वाचली आहे. आपणही वाचावी.